शनीची गाडी लालबागला अडकते

शनीच्या चंद्रावर गाडी न्यायची असेल, तर अख्ख्या मुंबईत विचारावं असा एकच माणूस आहे. मी! तिथली थंडी, तिथली मिथेनची तळी, बर्फाचे कडे, सगळं मला पाठ आहे. चाकं किती लावायची, काच कुठे बसवायची, आत बसलेल्या अंतराळवीराला शिंक आली तर ती पुसायची कशी, ह्याचाही विचार मी केलेला आहे. फक्त फणसवाडीतून ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत गाडी कशी न्यायची, ते विचारू नका. मला गाडी चालवता येत नाही! लायसन्सच्या परीक्षेला एकदा गेलो होतो. इन्स्पेक्टर म्हणाला, "चालू करा." मी केली. तो म्हणाला, "आता उतरा."

तर माझा धंदा असा. विज्ञानकथांचे सिनेमे असतात, मालिका असतात, गेम असतात. त्यांत परग्रहावर फिरणाऱ्या गाड्या लागतात. त्या मी काढतो. म्हणजे कागदावर आणि कॉम्प्युटरवर. नातेवाईकांना हे समजावताना माझी अर्धी हयात गेली. "म्हणजे तुझं गॅरेज आहे का?" असं विचारतात. मी म्हणतो, "नाही हो, मी नसलेल्या गाड्या काढतो." मग ते माझ्या बायकोकडे, उर्वीकडे, फार कणवेने बघतात.

बाबांची तर गोष्टच वेगळी. आमचे बाबा, अजित विजयकर, जन्मभर विमा कंपनीत मोटार अपघातांच्या खात्यात होते. त्यांनी आयुष्यात धड गाडी पाहिलीच नाही, पाहिल्या त्या सगळ्या ठोकलेल्या! त्यामुळे गाडी ह्या वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. माणसांवर त्याहून नाही. देवळात सगळे डोळे मिटून उभे असतात, तेव्हा हा माणूस एक हात खिशावर ठेवून टक्क जागा. "गर्दीत डोळे मिटतो त्याचा खिसा कापला जातो," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान.

"तू काढलेली एक तरी गाडी रस्त्यावर आली का रे गंधार?" दर दिवाळीला ते विचारतात.

"बाबा, त्या रस्त्यासाठी नसतातच!"

"बरं आहे. क्लेम तरी यायचा नाही."

मी हसण्यावारी नेतो. पण खरं सांगू? लागतं ते. बारा वर्षं मी गाड्या काढतोय आणि एकही गाडी जमिनीवर उभी राहिली नाही. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये जन्मल्या आणि कॉम्प्युटरमध्येच वारल्या. एक तर पडद्यावर येते न येते तोच तिचा स्फोट झाला. तिचं दार उघडतं कसं, ह्यावर मी महिनाभर डोकं फोडलं होतं! मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मी काढलेली एक गाडी, खरीखुरी, माझ्या डोळ्यांसमोर चालताना बघायची. एकदा. फार नाही, चार हात चालली तरी चाललं असतं.

आणि अशात मला अर्णव भेटला. अर्णव हा दिग्दर्शक, वयाने माझ्याहून लहान, दाढी मात्र माझ्या दुप्पट. शनीच्या चंद्रावर घडणारी मालिका काढत होता.

"मला रियल गाडी पाहिजे यार," तो म्हणाला. "हात लावता येईल अशी. कॉम्प्युटरवाली सगळी खोटी दिसते."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना! मी तिथल्या तिथे टिश्यू पेपरवर गाडी काढून दिली. आठ चाकं, प्रत्येक चाक वेगळ्या पायावर. एक चाक दगडावर चढलं, दुसरं खड्ड्यात गेलं, तरी वरचा सपाट कट्टा जागच्या जागी. नाव ठेवलं खेकडा! इंजिन नाही. दोरीने ओढायची आणि दोरी नंतर चित्रातून पुसून टाकायची.

"वर चहाचा कप ठेव," मी म्हणालो. "थेंब सांडणार नाही!"

"कुठे कुठे चालेल?"

"वाळू, बर्फ, दगड, चिखल, चढ, उतार. कुठेही!"

"आणि पाण्यात?"

"पाणी सोडून रे."

"डन," अर्णव म्हणाला. "पण एक क्लिअर सांगतो हां. ही गाडी चालताना मला शॉटमध्ये मिळाली नाही ना, तर मी सगळं कॉम्प्युटरवाल्यांना देणार. मग गाडी पण नाही आणि तू पण नाहीस."

मी छाती फुगवून म्हणालो, "काळजीच सोड!" ती त्याने सोडली आणि मी धरली, ती आजतागायत.

गाडी बांधायला मी मनूदाला गाठलं. मनू मिस्त्री मूळचा कुडाळकडचा, सगळी उमर लालबागमध्ये गेली. करी रोडच्या बाजूला एका गल्लीत 'चिरतरुण बाल मित्र मंडळ' आहे. त्यातला सगळ्यात लहान बाल नुकताच रिटायर झाला. त्या मंडळाची गणपतीची मूर्ती दरवर्षी मनूदा त्यांच्याच मांडवाच्या शेडमध्ये करतो. एरवी शेड रिकामी असते, तेव्हा तिथे तो सिनेमावाल्यांची कामं घेतो.

"मनूदा, हलकी पाहिजे हां गाडी," मी बजावलं. "दिसायला दणकट, पण आतून हलकी."

"घाबरतंस कित्याक झिला? मी आसंय मा!"

मनूदाने आयुष्यभर अठरा फुटी मूर्ती पेलणारे सांगाडेच केलेले. हलकं काम त्याच्या हाताला ठाऊकच नाही. त्याने खेकड्यासाठी जे लोखंड वापरलं, त्यात शिवडीपर्यंत पूल झाला असता! पण काय गाडी झाली होती! खरी! मी तिच्या चाकांना हात लावला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उर्वी म्हणाली, "आपल्या लग्नात तुझ्या डोळ्यांत आलं नव्हतं." मी म्हणालो, "तेव्हा तुला आठ चाकं नव्हती." त्या दिवशी मला डबा मिळाला नाही.

शनिवारी गाडी शेडमधून निघायची होती. कारण रविवारी मंडळाचं पाद्यपूजन. म्हणजे बाप्पाच्या मूर्तीची पहिली पावलं पूजायची आणि मग मूर्तीच्या कामाला हात लावायचा. शनिवारी अर्णवच्या ऑफिसमधून वाहन आलं. पाहतो तर टेम्पो! त्यात खेकड्याचा जेमतेम एक पाय मावला असता.

"उद्या दुपारी मोठा ट्रेलर पाठवतो," अर्णव फोनवर म्हणाला. "एका दिवसाने काय होतंय?"

एका दिवसाने काय होतं, ते ऐका.

रविवारी सकाळी मी उर्वीला आणि बाबांना घेऊन लालबागला गेलो. गाडी निघून जाण्याआधी बाबांनी ती एकदा पाहावी, एवढीच माझी इच्छा. बाबांनी खेकड्याला एक प्रदक्षिणा घातली. चाकाला छत्रीने टोचून पाहिलं.

"शनीचं नाव घेऊन गाडी काढतं का कोणी?" ते म्हणाले. पण मग हळूच दुसऱ्या चाकालाही टोचून पाहिलं. म्हणजे आवडली होती!

तेवढ्यात ढोल वाजला. मंडळ आलं. पुढे अध्यक्ष हेरंबकाका, डोक्याला फेटा, मागे गुरुजी, त्यांच्या मागे ताटात बाप्पाची दोन पांढरीशुभ्र पावलं. हेरंबकाका शेडच्या तोंडाशी आले आणि थबकले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे खेकडा!

"मनू, ह्या काय? पावलं ठेवायची खंय?"

मनूदाने कोपऱ्यात कसाबसा चौरंग मांडला. पण शेडची जमीन म्हणजे नुसते खड्डे. चौरंग डुगडुगला. पावलं कलंडली. बायकांनी "अगंबाई!" केलं. गुरुजींनी ताट सावरलं. चौरंगाखाली कोणी पुठ्ठा घातला, कोणी चप्पल घालायला निघाला, त्याला शिव्या बसल्या.

आणि इथे, मायबाप वाचकहो, मला अवदसा आठवली.

"काका," मी खणखणीत आवाजात म्हणालो, "माझ्या गाडीवर ठेवा! आठ चाकं आहेत. खड्डा असो, दगड असो, वरचा कट्टा हलत नाही!"

"खरंच?"

"बाप्पाची पावलं काय घेऊन बसलात, अख्खे बाप्पा बसवलेत तरी हलणार नाही!"

टाळ्या पडल्या! माझ्या गाडीला पहिल्यांदाच टाळ्या पडत होत्या हो! मी स्वतः शिडी लावली. गुरुजींना वर चढवलं. पावलं खेकड्याच्या माथ्यावर विराजमान झाली आणि खरोखर तसूभर हलली नाहीत. हळद, कुंकू, फुलं, नारळ. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. मीही.

कोणीतरी माझा सदरा ओढत होतं. एक डोळा किलकिला केला. बाबा! एक हात खिशावर, दुसऱ्या हातात माझा सदरा.

"गंधार, अरे ते अध्यक्ष त्या बाईंना काय सांगतायत ते ऐक..."

"बाबा, आरती चाललीय!"

"अरे, पण ते म्हणतायत की पावलं जिथे..."

"डोळे मिटा, बाबा!" मी दरडावलं. त्यांनी मिटले नाहीत. पण गप्प बसले.

प्रसादाचा पेढा तोंडात टाकून मी हेरंबकाकांकडे गेलो. "काका, पावलं आता उतरवून घेऊ या का? दुपारी ट्रेलर येतोय."

ढोल थांबला. पेढे वाटणारा हात थांबला. अख्खी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

"उतरवून?" हेरंबकाका म्हणाले.

"हो, म्हणजे, मूर्ती जिथे होणार आहे तिथे ठेवू."

"अरे, आमच्या मंडळाचा रिवाज तुला ठाऊक नाही? पावलं जिथे पुजली, तिथेच मूर्ती घडते. तिथेच बसते. विसर्जनापर्यंत जागा सोडत नाही. एका वर्षी अतिशहाण्यांनी पावलं हलवली. अख्खी गल्ली काविळीने आडवी झाली!"

"पण मग मूर्ती कुठे होणार?"

"तू ठेवायला लावलीस तिथे!"

"काका, ती माझी गाडी आहे!"

"होती," हेरंबकाका म्हणाले आणि माझ्या तळहातावर दुसरा पेढा ठेवला.

बाबा शांतपणे म्हणाले, "तेच सांगत होतो."

दुपारी ट्रेलर आला. ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं, चप्पल काढली, नमस्कार केला आणि ट्रेलर रिकामाच परत घेऊन गेला. मी अर्णवला फोन लावला.

"म्हणजे? गाडीवर कोण बसलंय?"

"गणपती. म्हणजे, अजून पावलंच आहेत. वरचं यायचंय."

"मग बाप्पाला रिक्वेस्ट करा ना, शिफ्ट व्हायला!"

"तू ये आणि कर."

अर्णव खरंच आला. गरगरा डोळे फिरवत, बाह्या सरसावत शेडमध्ये शिरला. आता हा मंडळाला उभं-आडवं घेणार, म्हणून मी बाहेर देवाचा धावा करत उभा राहिलो. अर्ध्या तासाने तो बाहेर आला. कपाळाला टिळा, हातात नारळ आणि छातीवर 'सल्लागार' असा मंडळाचा बिल्ला!

"त्या काकांना नाही म्हणताच येत नाही यार," तो खजील होऊन म्हणाला.

दिवस जात राहिले आणि खेकड्यावर बाप्पा वाढत राहिले. पोटऱ्या आल्या, गुडघे आले, पीतांबर आला. इकडे मालिकेचं बाकीचं शूटिंग सुरू झालं आणि गाडीचा पत्ता नाही. कॉम्प्युटरवाल्यांचे लोक अर्णवच्या ऑफिसात येऊन चहा पिऊ लागले. मला रात्री झोप लागेना. जेवण जाईना. खेकड्याकडे बघवत नव्हतं आणि न बघता राहवत नव्हतं. रोज लालबागला जायचो, पीतांबराखाली वाकून चाकं पुसायचो आणि परत यायचो. मंडळातले लोक म्हणायला लागले, "काय भक्ती आहे हो पोराची!"

शेवटी अर्णवनेच शक्कल काढली. शेडमध्येच शूटिंग करायचं! गाडी उभीच दाखवायची, कॅमेरा खाली ठेवायचा, वर काही दिसू द्यायचं नाही. कॅमेरामन नील. मुगभाटातला पोरगा, कामात वाघ. दिवे लागले, धूर सोडला, अंतराळवीर झालेला नट पांढरा पोशाख घालून, डोक्यावर काचेचं भांडं अडकवून सज्ज झाला. हेरंबकाका दारात आडवे आले.

"बूट काढा."

"काका, तो अंतराळवीर आहे!"

"असेल. मांडवात पादत्राणं चालत नाहीत. शनीवरून आणलेली असली तरी!"

"काका, शनीच्या चंद्रावर उणे दीडशेच्या खाली तापमान असतं!"

"मग मोजे घालू दे."

मोजे कोणी आणलेच नव्हते, म्हणून शेवटी अंतराळवीर अनवाणी आला. नीलने कॅमेरा खाली लावला होता, त्यामुळे चित्रात सगळ्यात ठळक काय दिसलं? त्याच्या पायाचे अंगठे! त्यात एकाला नेलपॉलिश, कारण त्याची मुलगी घरी खेळत होती. वरून मनूदा मूर्तीला घासकाम करत होता, त्याची पांढरी भुकटी अंतराळवीराच्या काचेवर पडली. त्याला काही दिसेना. तो चाचपडत पुढे गेला आणि बाजूला वाळत ठेवलेल्या उंदीरमामांवर आदळला. उंदीरमामांचा एक कान गेला. हेरंबकाकांनी शूटिंग तिथेच बंद पाडलं.

"बस," अर्णव म्हणाला. "उद्यापासून सगळं कॉम्प्युटरवर."

मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. तेव्हा नील म्हणाला, "सर, ही गाडी विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर जाणार ना? वाळू, समुद्र, मागे धुरकट आभाळ. शनीचा चंद्र वेगळा काय असतो?"

अर्णवचे डोळे चमकले. "गंधार! वाळूवरून चालतानाचा एक शॉट! फक्त एक! तेवढा मिळाला तर तू राहिलास. वरचं मी सगळं पुसून टाकतो!"

"काय पुसून टाकतो?" मागून आवाज आला. हेरंबकाका!

"धूळ, काका! गाडीवरची धूळ!" आम्ही तिघे एका सुरात ओरडलो.

मी मनूदाला बाजूला घेतलं. "मनूदा, चौपाटीवर मूर्ती तराफ्यावर जाईल. मग गाडी परत आपली ना?"

"तर काय! काळजी करू नको झिला!"

मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

अनंत चतुर्दशीला क्रेनने खेकडा बाप्पासकट उचलून मंडळाच्या लांबलचक ट्रॉलीवर ठेवला. चाकांना झेंडूची झालर लावली, त्यामुळे गाडी दिसेनाशीच झाली. लालबागहून निघालेली मिरवणूक गिरगावात पोचायला दुसरा दिवस उजाडला. बाबा आणि उर्वी फणसवाडीतून चालत चौपाटीवर आले होते. बाबांनी एका हाताने खिसा धरला होता आणि काखेत सगळ्यांच्या चपला.

ट्रॉली वाळूत रुतली. क्रेन आली. खेकडा अलगद उचलला आणि ओल्या वाळूवर, उतारावर, समुद्राकडे तोंड करून ठेवला. झालर गळून पडली. आठ चाकं! पहिल्यांदाच उघड्या वाळूवर! मंडळाच्या लोकांनी मागून जाड दोर धरून गाडी रोखून धरली. तराफेवाले कोळी आले. म्हणाले, "मूर्ती सोडवा."

मूर्ती सुटेना.

"मनूदा! मूर्ती सुटत नाहीये!"

"सुटतली कशी?" मनूदा छाती पुढे काढून म्हणाला. "वेल्डिंग माझ्या हातचा आसा! सांगाडो गाडीकच जोडलंय. उगाच पडाक नको!"

"अरे, पण तू म्हणालास गाडी परत मिळेल!"

"तू एवढो कासावीस झालो होतंस. नाय कसा म्हणूचा?"

मी मटकन वाळूत बसलो. म्हणजे माझी गाडी बाप्पाबरोबर समुद्रात जाणार! पाणी सोडून कुठेही चालणारी गाडी! हेरंबकाकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडतोस काय? नशीब काढलंस. कोणाची गाडी जाते रे अशी, बाप्पाच्या पायाखालून?"

अर्णव वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "ऐक. गाडी गेली तर गेली. आरती झाली की दोर सैल सोडत पुढे नेणार ना? तेव्हा ती वाळूवर चालेल. तोच शॉट. नील, रेडी?"

"रेडी सर!" नील कॅमेरा रोखून पुढेच उभा होता.

मीही उठलो. बरोबरच होतं. चार हातच तर चालायला हवी होती. मी डोळे पुसले आणि नीट बघता येईल अशी जागा पकडली.

"शेवटची आरती!" हेरंबकाका गरजले. झांजा सुरू झाल्या. आधीच दिवसभर-रात्रभर नाचून थकलेली माणसं, पण काय आवाज लागला होता! आरती संपली आणि हेरंबकाकांनी फेट्याच्या टोकाने डोळे टिपले. "बाप्पा निघाले रे," ते म्हणाले. "हात जोडा. डोळे मिटा. काय मागायचं ते मागून घ्या!"

मी हात जोडले, डोळे मिटले. मागायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. बाप्पा, हातचं काम गेलं तर जाऊ दे. ही गाडी एकदा चालताना बघू दे. एकदाच बघू दे.

पुढून थंड वारा आला. जवळच काहीतरी करकरलं. मग उर्वी ओरडली, "अगं आई गं!"

मी डोळे उघडले. समोर वाळू होती. वाळूवर आठ चाकांच्या रेघा होत्या. आणि रेघांच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात, माझा खेकडा बुडबुडे सोडत चालला होता. वर बाप्पा, ताठ, हसतमुख. मी मागे पाहिलं. दोर धरणारी झाडून सगळी माणसं हात जोडून उभी! दोर वाळूत पडलेला!

"अरे, दोर का सोडलात?" मी किंचाळलो.

"काकांनी हात जोडायला सांगितले ना!" ते म्हणाले. आता दोर धरलेल्या हातांनी नमस्कार कसा करायचा, हे त्यांचं म्हणणंही खरंच होतं.

"नील!" अर्णव ओरडला. "शॉट मिळाला?"

नीलचे हात अजून जोडलेलेच होते. गळ्यात कॅमेरा लोंबकळत होता आणि मन लावून त्याच्या पायाच्या अंगठ्यांचं चित्रण करत होता. "सर," तो रडवेला होऊन म्हणाला, "बाप्पा निघाले होते हो."

अर्णवने त्याला झापायला तोंड उघडलं. मग आपलेही हात जोडलेले आहेत, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते मिटलं. तोवर लाटांवर फक्त मुकुट उरला होता. चौपाटी ओरडत होती, "पुढच्या वर्षी लवकर या!" मी एकटाच पुटपुटत होतो, "गाडी घेऊन या."

त्या दिवशी मी लोकांनी मोबाईलवर घेतलेली चित्रं मिळतील तेवढी पाहिली. सगळ्यांनी लांबून घेतलेली. सगळ्यांत बाप्पाचं तोंड आणि खाली माणसांची डोकी. एका चाकाचा एक तुकडा कुठे दिसेल तर शपथ! संध्याकाळी अर्णवचा फोन आला. आवाज फार मऊ होता, म्हणजे काय ते मी ओळखलं. मालिकेतल्या सगळ्या गाड्या आता कॉम्प्युटरवाले करणार होते. खेकडाही. "तू केलेला खरा होता यार," तो म्हणाला, "पण दाखवायचा कसा?"

मी गॅलरीत जाऊन बसलो. उर्वीने चहा आणून ठेवला आणि काही न बोलता आत गेली. ह्याचा अर्थ परिस्थिती फारच गंभीर होती. कामाचं मी कसंही निभावून नेलं असतं. पण बारा वर्षांनी एक गाडी चालली, माझ्या नाकासमोरून चालली, आणि मी डोळे मिटून ती दिसू दे म्हणून प्रार्थना करत होतो! इतका मूर्ख माणूस फणसवाडीत दुसरा झाला नसेल. मला खरंच रडू फुटलं.

बाबा येऊन शेजारच्या खुर्चीत बसले.

"चालली," ते मग म्हणाले.

"काय?"

"गाडी. चालली ती. मी पाहिली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "तुम्ही पाहिलीत?"

"गर्दीत मी डोळे मिटतो का कधी?"

"बाबा! सांगा ना! कशी चालली?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अपघाताचा अहवाल द्यावा तसं सावकाश बोलू लागले. "दोर सुटला. आधी जरा थांबली. मग निघाली आपली आपण. वाटेत पोरांनी वाळूचा ढिगारा केला होता, त्यावर डाव्या अंगाचं एक चाक चढलं. मागचं खड्ड्यात गेलं. मला वाटलं, झालं! पण वर बाप्पा हलले नाहीत. मुकुटाचं फूलसुद्धा पडलं नाही."

"खरंच?"

"खरंच. वर चहाचा कप ठेवला असतास ना, तर थेंब सांडला नसता."

उभ्या आयुष्यात बाबांनी कुठल्याही गाडीला चांगलं म्हटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला.

"फक्त एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "दोर सुटल्यावर एक तराफेवाला कोळी धावत आत चढला होता. ब्रेक शोधत होता वाटतं. कुठेच सापडेना त्याला. शेवटी पाण्यात उडी टाकली बिचाऱ्याने. कुठे ठेवले होतेस ब्रेक?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

काय सांगणार? बारा वर्षांत मी शेकड्याने गाड्या काढल्या. शिंक पुसायचीसुद्धा सोय केली. पण खरं सांगतो वाचकहो, थांबण्याची पाळी कुठल्याच गाडीवर कधी आली नव्हती. त्यामुळे ब्रेक मी एकीलाही काढलेले नाहीत!